माझ्याकडे तर उघडतं

मी दारं करतो. सुतार नाही मी. खेळातली दारं करतो, संगणकावरची. आमच्या ‘कोत्वा’ नावाच्या खेळात एकशे बेचाळीस दारं आहेत आणि ती सगळी माझी. सरकती, वर जाणारी, गोल झाकणाची. एक तर नुसतंच कुरकुरतं, उघडत नाही. त्याच्या आणि जहाजाच्या दाराच्या कुरकुरीसाठी मी आमच्या इमारतीच्या तळघराच्या दाराशी दोन दिवस माइक धरून बसलो होतो. लोक पूल बांधतात, मुलं वाढवतात. मी बिजागऱ्यांच्या आवाजात सहा वर्षं घातली आणि मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसलात तर कुणाला हसताय हे तरी ठाऊक असेल.

माझे सासरे आलोइस, तेही दारं करतात. खरी, ओकच्या लाकडाची. चेक देशातल्या आमच्या ब्र्नो शहरापासून तासाभरावर इवांचित्सेला त्यांचा सुतारकामाचा कारखाना आहे. दर रविवारी जेवायला गेलो की ते विचारतात, “काय जावईबापू, तुझ्या दाराला बिजागरी असते का रे?”

“असते ना.”

“कशाची?”

“आकड्यांची.”

मग ते क्नेदलिकचा, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्याचा, तुकडा रश्श्यात बुडवतात आणि योलानाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, अशा नजरेनं बघतात, जणू पोरीनं भुताशी लग्न केलंय. आमच्या घरीही ते येतात, पंधरा दिवसांनी, बटाटे नाहीतर आलुबुखारे घेऊन. चार मजले चढून येतात आणि पायपुसण्यावर उभे राहतात. मी रीतीप्रमाणे म्हणतो, “या ना बाबा, बूट राहू द्या, या आत.” ते म्हणतात, “नको. मी थांबत नाहीये.” पिशवी देतात, मान वळवून आतल्या दाराच्या चौकटीकडे नाक मुरडून बघतात आणि चार मजले उतरून जातात. लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांचे बूट माझ्या घरात एकदाही निघालेले नाहीत. मला याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याचा रागही यायचा.

तर खेळ. एक कप्तान एकटाच जहाजात जागा होतो. पलंगावरून उठतो, बूट चढवतो, बाहेर पडतो. बाहेर पिवळ्या धुळीचा ग्रह. आता मी आपल्याच बाळाचं कौतुक करणार, पण करू द्या. त्या ग्रहावर चालताना शिरस्त्राणाच्या काचेवर तुमच्या श्वासाचं धुकं धरतं. दगड उचलला की खालची धूळ सावकाश, आळसावल्यासारखी खाली बसते. जहाजात कॉफी केली तर तिचा गाळ बसायला चार मिनिटं लागतात. घाई केलीत तर कप्तानाच्या दातात गाळ जातो आणि तो तासभर थुंकत राहतो. खेळणारा विसरून जातो की तो खुर्चीत बसलाय. आमचा मुख्य, रादिम, एकदा खेळून उठला आणि ट्रामच्या थांब्यावर श्वास रोखून उभा राहिला.

वैतागही भरपूर आहे, नाही असं नाही. कप्तानाच्या पिशवीत पाचच वस्तू मावतात. लिफ्ट इतकी हळू की माणसाला आयुष्यातल्या चुका आठवाव्यात. आणि खेळ जतन होतो तो फक्त जहाजातल्या पलंगावर आडवं झाल्यावर. बाहेर प्राणवायू संपला तर पुन्हा पहिल्यापासून. रादिमचं मत, त्रास झाला पाहिजे. त्रासाशिवाय घर गोड लागत नाही. रादिमचा अजून घटस्फोटच चाललाय, पण ते असो.

जहाजाचा आवाज व्लास्ताबाईंचा. त्या आमच्या कार्यालयात सगळंच बघतात: पत्रं, फुलझाडं, आमची तोंडं. वय एकसष्ट. त्यांना वाक्यं लिहून दिलीच नव्हती. रादिम म्हणाला, “बाई, तुमच्या घरी कुणी आलं तर जशा बोलाल तशा बोला.” त्या बोलल्या, आम्ही टिपून घेतलं. मग इंग्रजीतही त्यांच्याकडूनच बोलून घेतलं. इतका मायाळू आवाज विज्ञानकथेच्या खेळात मी तरी ऐकलेला नाही.

शुक्रवारी खेळ बाजारात येणार होता. त्याच्या दहा दिवस आधी आम्ही तो परदेशातल्या सहा समीक्षकांना पाठवला. पाच जणांची पत्रं आली. पाचही पत्रांत पहिला तास अद्भुत. आणि पाचही पत्रांत पुढे एकच गोष्ट: बाहेरून परत आल्यावर जहाजाचं दार उघडत नाही.

मी दार उघडून बघितलं. उघडलं. रादिमनं बघितलं. उघडलं. व्लास्ताबाईंनी चष्मा लावून, एका बोटानं बटणं दाबत बघितलं. उघडलं.

“माझ्याकडे तर उघडतं,” मी पाचही जणांना उत्तर लिहिलं. माझ्या धंद्यात यापेक्षा निर्लज्ज वाक्य नाही, पण खरंच उघडत होतं!

परदेशातली ती माणसं वेडी व्हायची बाकी होती. एकानं दारासमोर दोनशे बारा दगड रचून पाहिले, एकेका खेपेला पाच. एकीला वाटलं नाचायचं असेल, ती कप्तानाला प्राणवायू संपेपर्यंत नाचवत राहिली. तिसऱ्यानं तर अकरा पानी लेख लिहिला की हे दार म्हणजे मृत्यू आहे आणि ते न उघडणं हीच या खेळाची थोर कामगिरी. मला तो लेख आवडला. पण दार उघडायला हवं होतं. मी त्याचा मृत्यू नव्हता केला, दार केलं होतं.

सहावे समीक्षक म्हणजे इंग्लंडचे पेथरिक. त्यांनी चार ओळी लिहिल्या की लाखो लोक खेळ घेतात किंवा घेत नाहीत. त्यांनी कळवलं, “मी पहिला तास चौदा वेळा खेळलो आहे. गुरुवारी तुमच्याच भागात आहे. येतो.” रादिम पांढरा पडला. पैसे लावणाऱ्या कंपनीनं त्याला आधीच बजावलं होतं: पेथरिक नाही म्हणाले तर पुढचं काम नाही, मंडळी घरी.

ही गोष्ट मी रविवारी जेवताना सांगायला नको होती. सांगितली.

“म्हणजे सहा वर्षं लावून,” आलोइस काटा खाली ठेवत म्हणाले, “तू असं दार केलंस की जे उघडत नाही.”

“उघडतं, बाबा. आमच्याकडे उघडतं.”

“माझ्या गिऱ्हाइकाला मी असं सांगितलं तर? ‘काकू, तुमचं संडासाचं दार माझ्याकडे उघडतं’?”

योलाना हसली. बायकोच हसल्यावर माणूस कुठे बघणार? मी स्लिवोविसच्या, म्हणजे आलुबुखाऱ्याच्या दारूच्या, पेल्यात बघितलं.

“ऐक,” ते म्हणाले. “शुक्रवारपर्यंत त्या परदेशी लोकांना तुझं दार उघडलं तर मी गप्प. जन्मभर. नाही उघडलं तर सोमवारी सकाळी सात वाजता कारखान्यात यायचं. कायमचं. खरं दार कसं असतं ते बघायला.”

“बाबा, पुरे,” योलाना म्हणाली.

“चालेल,” मी म्हणालो. स्लिवोविस हे असं पेय आहे. आम्ही हात मिळवले. त्यांचा तळवा पॉलिशकागदासारखा आहे.

सोमवार ते बुधवार मी त्या दाराचा प्रोग्राम ओळन् ओळ वाचला. सात वेळा. एकही चूक नाही. मला स्वप्नात रंध्याचा आवाज येऊ लागला. खरं दार करणं वाईट नाही, मला ठाऊक आहे. पण मला पहाटे उठून दुसऱ्याच्या संडासाचं दार करायचं नव्हतं. मला माझं कुरकुरणारं करायचं होतं.

गुरुवारी दहाला पेथरिक आले. उंच, लाजरे, ओला रेनकोट, पायात तपकिरी जाड बूट. आमचं कार्यालय जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि दारातच सगळ्यांच्या सपातांची रांग असते. व्लास्ताबाई धावत पुढे गेल्या. “या, या! राहू द्या हो बूट, नका काढू!”

“थँक यू,” पेथरिक म्हणाले आणि सरळ आत येऊन व्लास्ताबाईंच्या गालिच्यावरून चिखलाचे नऊ ठसे उमटवत खुर्चीत जाऊन बसले. व्लास्ताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. पण पाहुणा तो पाहुणा. त्यांनी कॉफी आणली.

पेथरिक खेळू लागले. आम्ही मागे उभे. आणि काय खेळत होते! चौदा वेळा खेळल्यामुळे त्यांना तो तास पाठ होता. कुठल्या दगडाखाली शेवाळ उजळतं, कुठं थांबलं की दोन्ही चंद्र एका रेषेत येतात. “इथे बघा,” ते आम्हालाच दाखवत होते, “हा वारा आधी धुळीला कळतो, मग कप्तानाला.” ते काम रादिमचं होतं, त्यानं डोळे पुसले. “इतका सुंदर तास मी कुठल्याच खेळात घालवलेला नाही,” पेथरिक म्हणाले. “म्हणूनच मला तुमचा इतका संताप येतो.”

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली. माझे सासरे. हातात मोजमापाची फीत.

“एप्रनचं माप घ्यायला आलोय,” ते म्हणाले. “शिंपीण उद्या सुट्टीवर आहे.”

“बाबा, आत्ता? आत्ता नको!”

“तुम्ही आलोइस ना? या, या,” व्लास्ताबाई पुढे झाल्या. “राहू द्या हो बूट, नका काढू!”

“काहीतरीच काय,” म्हणत आलोइस खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट जोडीनं भिंतीला लावले आणि पाहुण्यांच्या चौकडीच्या सपाता पायात सरकवल्या. माझ्या घरी सहा वर्षांत न निघालेले बूट व्लास्ताबाईंच्या एका वाक्यासरशी निघाले! त्या क्षणी त्या पेथरिकपेक्षा मला सासऱ्यांचा जास्त राग आला.

ते माझ्या मागे आले आणि निर्विकारपणे छातीभोवती फीत गुंडाळू लागले. पडद्यावर कप्तान जहाजापाशी पोचला होता. दारासमोर उभा. जहाज मायेनं काहीतरी बोललं. पेथरिक थांबले, दार ढकललं. बंद. पुन्हा ढकललं. जहाज पुन्हा तेच बोललं. बंद.

“बघा,” पेथरिक म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

“बाई काय म्हणतायत?” आलोइसनी फितीवरचा आकडा वाचत विचारलं. त्यांना इंग्रजी येत नाही.

“कुठल्या बाई?”

“पेटीतल्या. आवाज यांचाच दिसतोय.”

“जहाज आहे ते. म्हणतंय, ‘आलात? या, या. राहू द्या हो बूट, नका काढू.’”

“हं. आणि तो काढत नाहीये?”

“कोण?”

“तो, कप्तान. चिखलाचे बूट घालून दारात उभा आहे मघापासून. दार कोण उघडेल?”

मी छातीभोवतीच्या फितीसकट पडद्याकडे वाकलो.

“खाली पण बघ,” आलोइस हळूच म्हणाले. मी खाली बघितलं. टेबलाखाली पेथरिकांचे तपकिरी बूट, व्लास्ताबाईंच्या गालिच्यावर.

“त्यांना बाईंनी सांगितलं, नका काढू म्हणून,” मी कुजबुजलो.

“मलाही सांगितलं,” आलोइस म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! प्रोग्रामची सहावी ओळ: बूट काढलेले असतील तर दार उघड. पाच वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. त्या पिवळ्या धुळीचे पाय घेऊन माणूस जहाजात शिरतोय हे मला बघवेना, म्हणून. सात वेळा ती ओळ मी वाचली आणि सातही वेळा पुढे गेलो, ‘श्वास चालू असेल तर’ वाचून पुढे जावं तसा. आमच्यापैकी प्रत्येकानं शेकडो वेळा दारात बूट काढले होते. बाई नको म्हणाल्या की काढायचे असतात, यात सांगण्यासारखं काय आहे?

मी रादिमला बाजूला ओढून सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. मग आम्ही दोघं पेथरिकांकडे बघत उभे राहिलो.

“सांग त्यांना,” मी म्हणालो.

“काय सांगू? पाहुण्याला ‘बूट काढा’ म्हणू?”

“खेळातले, रे!”

“तेच ते! त्यांच्या पायाकडे बघ. त्यांना वाटेल टोमणा मारतोय.”

“मी मेले तरी म्हणणार नाही,” व्लास्ताबाई म्हणाल्या. “आमच्या घरात पाहुण्याला असं कुणी बोललेलं नाही.”

पडद्यावर प्राणवायूची सुई लाल झाली. पंधराव्यांदा कप्तान मरणार, पेथरिक उठणार, लेख लिहिणार, आणि सोमवारी सात वाजता मी एप्रन घालणार. तरीही, शपथेवर सांगतो, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आईनं लहानपणी लावलेलं वळण असं ऐन वेळी घात करतं.

शेवटी आलोइसनी माझ्याभोवतीची फीत सोडली आणि पेथरिकांच्या खांद्यावर थाप मारली. आधी पडद्यावरच्या कप्तानाच्या बुटांकडे बोट दाखवलं. मग स्वतःचा पाय वर करून चौकडीची सपात दाखवली. आणि भुवया उंचावल्या.

पेथरिक लालबुंद झाले. त्यांनी घाईघाईनं खाली वाकून स्वतःचे बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा पूर्ण बाहेर आला होता आणि सगळ्यांकडे बघत होता. “सॉरी,” ते पुटपुटले. व्लास्ताबाईंनी तत्काळ उरलेली एकच जोडी पुढे केली, गुलाबी, वर लोकरी गोंडा. त्यांनी ती घातली. आणि मग, सपातांकडे बघता बघता, ते थिजले. त्यांनी सावकाश पडद्याकडे बघितलं आणि बूट काढायचं बटण दाबलं.

कप्तान वाकला. बूट निघाले, पिवळी धूळ आळसावत खाली बसली. आणि माझं दार माझ्या तळघरातल्या आवाजात, दोन दिवसांच्या माइकवाल्या आवाजात, ऊंऊं करत उघडलं.

“पण ती नका म्हणाली!” पेथरिक ओरडले. “पंधरा वेळा म्हणाली, नका काढू!”

“हो ना,” रादिम म्हणाला. “चांगल्या घरची आहे ती.”

पेथरिक सहा तास उठले नाहीत. आम्ही मधे त्यांना सूप दिलं. आलोइस एप्रनचं माप अर्धवट सोडून निघून गेले.

शुक्रवारी लेख आला. पिशवीत पाचच वस्तू, हे अक्षम्य. लिफ्टमध्ये असताना त्यांनी मोजा शिवून घेतला. खेळ कुठेही जतन करता येत नाही, याबद्दल कुणाला तरी तुरुंगात टाकायला हवं. आणि शेवटी: “एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या जगात बूट घालून शिरत होतो. या खेळानं मला पहिल्यांदा दारात थांबवलं. घ्या आणि खेळा.” व्लास्ताबाईंचं वाक्य काढून टाकू नका अशी त्यांनी वेगळं पत्र लिहून विनंती केली. आम्ही नाहीच काढलं. फक्त दार तिसऱ्यांदा उघडलं नाही की जहाज आता घसा खाकरतं. ती खाकर टिपायला पूर्ण सकाळ गेली, कारण बाईंना तेवढंसुद्धा उद्धटपणाचं वाटत होतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात आलोइस. एका हातात आलुबुखारे, दुसऱ्या हातात शिवून तयार असलेला एप्रन. शिंपिणीनं अंदाजानं शिवला होता.

“पैज जिंकलास,” ते पायपुसण्यावरून म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. मी गप्प.”

“या ना बाबा,” मी सवयीनं म्हणालो. “बूट राहू द्या, या आत.”

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, एप्रन काखेत मारला. मग कण्हत खाली वाकले. नाडीची गाठ घट्ट होती, बराच वेळ लागला. तोवर मी कपाटातून सपाता काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. मागे योलाना स्वयंपाकघराच्या दारात हातात सुरी घेऊन पुतळ्यासारखी उभी होती.

“ते दाखव,” आत येऊन ते म्हणाले. “तुझं दार.”

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना ग्रह बघायचा नव्हता, चंद्रही नाही. ते कप्तानाला सरळ दाराशी घेऊन गेले. जहाज म्हणालं, “राहू द्या हो बूट, नका काढू.” “काहीतरीच काय,” ते पडद्याला म्हणाले आणि काढले. मग त्यांनी ते दार दीड तास उघडलं आणि बंद केलं. कान लावून ऐकलं. एकदा पडद्यावर बोटही फिरवलं.

“उंबरठा दोन मिलिमीटर उंच आहे,” ते शेवटी म्हणाले.

“बरं.”

“कुरकुर खरी आहे. राखेसारखी कोरडी. असा आवाज मलाही येत नाही काढायला.” मग एप्रनची घडी नीट करत, माझ्याकडे न बघता: “तू जिंकलास. आता सोमवारी कारखान्यात यायची काहीच गरज नाही हो. अजिबात येऊ नकोस.”

एप्रन खुर्चीवर ठेवून ते गेले. मी योलानाकडे बघितलं. ती आलुबुखारे धूत होती आणि तिनं मान वर केली नाही.

“सहाची बस पकड,” ती म्हणाली. “आणि जाड मोजे घाल, त्यांच्याकडे फरशी गार असते.”